आधी काम, मग कॅमेरा : हौशी चित्रीकरणाच्या साधनांच्या अभ्यासाची प्रस्तावना

१९१२ साली दादासाहेब फाळके लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन आले, ही हकिकत मराठी वाचकाला शाळेपासून ठाऊक असते. त्या खरेदीतल्या बाकीच्या वस्तूंची आठवण मात्र क्वचितच कुणी काढतं. कॅमेऱ्यासोबत फाळक्यांनी फिल्मच्या कडांना भोकं पाडण्याचं यंत्र घेतलं, फिल्म धुण्याची आणि तिच्या प्रती काढण्याची सामग्री घेतली, कच्च्या फिल्मची तजवीज केली. त्यांना मिळणाऱ्या कच्च्या फिल्मला भोकं नसत, आणि भोकांवाचून कॅमेऱ्याचे दाते फिल्म पुढे सरकवणार कसे? दादरच्या घरात अंधार करून भोकं पाडण्याचं ते काम सरस्वतीबाई करत. कथापटाला हात घालण्याआधी फाळक्यांनी या सगळ्या सामग्रीची एकत्र चाचणी घेतली, तीही वाटाण्याच्या एका रोपावर. ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपत त्यांनी रोपाची कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर काही क्षणांत दाखवली आणि त्याच फिल्मच्या जोरावर भांडवल मिळवलं. साधनं कशी निवडावीत आणि हातात आल्यावर त्यांची पारख कशी करावी, याचा इतका नेटका धडा मला दुसरीकडे सापडलेला नाही.

फाळक्यांच्या आधीचं उदाहरण सावेदादांचं, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांचं. ते छायाचित्रकार. १८९६ साली मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचे चित्रपट दाखवले गेले, ते पाहून सावेदादांनी लंडनहून २१ गिनींना कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनवर कुस्तीचा सामना टिपला. ती फिल्म धुण्यासाठी मात्र लंडनला पाठवावी लागली. आपण काय टिपलं हे फिल्म परत येईपर्यंत कळायचा मार्ग नव्हता, चूक सुधारणं तर दूरच. फाळके अख्खी रसायनशाळा घरी घेऊन आले, त्यामुळे त्यांना ही अडचण उरली नाही. पुढे कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी विष्णुपंत दामल्यांच्या मदतीने कॅमेराच स्वतः घडवला आणि १९२०चा ‘सैरंध्री’ त्यावर उतरवला. याच दामल्यांनी नंतर ‘प्रभात’मध्ये ध्वनिमुद्रणाची बाजू सांभाळली. चित्रपटाचा धंदा यांच्यापैकी कुणाच्याच घरात नव्हता. साधनांचा विचार त्यांना मुळापासून करावा लागला आणि म्हणून तो पक्का झाला.

आज तो विचार नव्याने करण्याची गरज आहे. पोटापाण्यासाठी चित्रीकरण न करणाऱ्या, पण मन लावून करणाऱ्या माणसांची संख्या आपल्याकडे मोठी आहे. गावच्या सप्ताहातली कीर्तनं टिपणारा तरुण, वर्गातले प्रयोग चित्रित करणारी विज्ञानाची शिक्षिका, आजीच्या जात्यावरच्या ओव्या जपू पाहणारी नात, एकांकिका स्पर्धेची तालीम नोंदवून ठेवणारी मंडळी, गडकिल्ल्यांवर हिंडणारे, शेतातलं तंत्र दुसऱ्या शेतकऱ्याला दाखवणारे. या सगळ्यांचं मी इथे मनापासून स्वागत करतो. त्यांची अडचण अशी, की त्यांना लागणारं ज्ञान एका जागी मिळत नाही. भिंगांची माहिती भौतिकशास्त्राच्या पुस्तकात, आवाजाची अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात, आणि खरेदीचा सल्ला दुकानाच्या काउंटरवर. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्येसुद्धा छायाचित्रण, संकलन आणि ध्वनी यांचे विभाग वेगवेगळे आहेत, आणि व्यावसायिक कामासाठी ते योग्यच आहे. हौशी माणसाला ही तिन्ही कामं एकट्याने करायची असतात. एका ठिकाणी वाचवलेला पैसा दुसऱ्या ठिकाणी कसा नडतो, हे त्यालाच भोगावं लागतं.

म्हणून पुढच्या सगळ्या प्रकरणांचा रोख एकाच गोष्टीवर आहे: कॅमेरा कोणता, हा प्रश्न शेवटी विचारायचा. काय टिपायचं आहे, ते कोण आणि कुठे पाहणार, आवाज कुठून घ्यायचा, संकलन कोणत्या संगणकावर होणार आणि दहा वर्षांनी हे सगळं कुठे असेल, याची उत्तरं आधी मिळवली तर कॅमेऱ्यांच्या शेकडो पर्यायांतले दोन-तीनच उरतात.

हौशी साधनांचा इतिहास पाहिला तर हा क्रम पटतो. सुरुवातीची ३५ मिलिमीटरची फिल्म नायट्रेटची होती. ती भडकन पेट घेई, म्हणून घरात ठेवणं धोक्याचं. १९२३ साली कोडॅकने १६ मिलिमीटरची फिल्म आणली ती न भडकणाऱ्या ॲसिटेटवर, शिवाय जी फिल्म कॅमेऱ्यात घातली तीच धुऊन पडद्यावर दाखवता येईल अशी सोय करून. वेगळी निगेटिव्ह आणि वेगळी प्रत हा खर्चच गेला. १९३२ मध्ये ८ मिलिमीटर आली, १९६५ मध्ये सुपर ८. सुपर ८ची ५० फुटांची डबी कॅमेऱ्यात नुसती सरकवायची; सेकंदाला १८ चौकटींच्या वेगाने ती ३ मिनिटं २० सेकंद चाले. जुन्या घरगुती फिल्म पाहताना जाणवतं, की माणसं पाच-सात सेकंदांचेच तुकडे घेत. कॅमेरा चालू करण्यापूर्वी विचार करावाच लागे, आणि संकलन बरंचसं तिथेच होऊन जाई. तरीही या साधनाने मोठी कामं झाली आहेत. सत्तरच्या दशकाच्या मध्यात आनंद पटवर्धनांनी बिहारमधल्या आंदोलनावरच्या आपल्या माहितीपटासाठी सुपर ८ वापरली.

ऐंशीच्या दशकात व्हिडिओ कॅसेट आली आणि कंजुषी संपली. आता तासन् तास टिपता येत होतं, पण कापता येत नव्हतं. एका व्हीसीआरवर मूळ कॅसेट लावायची, दुसऱ्यावर हवे ते तुकडे ओळीने उतरवायचे. मधला एक तुकडा बदलायचा तर पुढचं सगळं पुन्हा करायचं, आणि प्रत्येक उतरवणीगणिक चित्र फिकट होत जायचं. मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी यंत्रमागांच्या त्या गावात स्थानिक मंडळींना घेऊन ‘मालेगाव के शोले’ काढला तो याच व्हिडिओच्या दुनियेतून. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात त्यांची पद्धत जवळून दिसते. ट्रॉली शॉटसाठी सायकल, क्रेन म्हणून बैलगाडी. कोणता शॉट हवा हे त्यांना नेमकं माहीत होतं, म्हणूनच तो घडवून आणणारी वस्तू त्यांना भोवताली सापडली. या विषयात मी ज्याला साधनांची जाण म्हणतो, ती हीच.

१९९५च्या सुमारास मिनी डीव्ही टेप आली. तासाभराचं चित्रण एका वायरने संगणकात जाई, सुमारे १३ जीबी जागा घेई आणि कितीही प्रती काढल्या तरी झिजत नसे. व्हीसीआरच्या जोडीचा जाच तिथे संपला. मग २००८ मध्ये कॅननच्या ५डी मार्क टू या स्थिरचित्रणाच्या कॅमेऱ्याने सिनेमाच्या तोडीचं चित्र हौशी हातांत दिलं, तेही एका फाइलला ४ जीबीची, म्हणजे सुमारे बारा मिनिटांची मर्यादा घालून. २०१५चा ‘टँजरिन’ हा अमेरिकन चित्रपट आयफोन ५ एसवर टिपला गेला, तो मात्र फोनला वेगळं भिंग, स्थिरक आणि खास ॲप जोडून. या उदाहरणाचा दाखला देताना लोक फोनचं नाव घेतात आणि बाकीची जोडणी विसरतात.

आता टिपण्याला जवळजवळ खर्चच नाही. दोन तासांचं फुटेज नुसतं पाहायलाही दोन तास लागतात, हे मात्र बदललेलं नाही. भार कॅमेऱ्यावरून उतरून संकलनाच्या टेबलावर आला, आणि हौशी माणसं पैसे अजून कॅमेऱ्यावरच लावतात.

हे सगळं प्रत्यक्षात कसं दिसतं ते एका कीर्तनावर पाहू. देवळाचा सभामंडप, रात्री नऊ ते अकरा. पुढे कीर्तनकार, मागे टाळकऱ्यांची रांग, बाजूला मृदंग आणि वीणेकरी. वर ट्यूबलाइट, पंखे चालू, खांबाला कर्णे. चित्रीकरण करणारा बहुधा श्रोत्यांच्या मागे, वीसेक फुटांवर. त्याच्या कॅमेऱ्यावरच्या माइकला काय ऐकू येतं? बोलणाऱ्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की थेट आवाज सहा डेसिबलने उतरतो. मंडपाचा घुमारा आणि पंख्याची घरघर मात्र होती तेवढीच राहते. एका फुटावरच्या माइकपेक्षा वीस फुटांवर थेट आवाज सुमारे २६ डेसिबलने कमी मिळतो, आणि उरतो तो कर्ण्याचा कर्कश आवाज. कॅमेरा कितीही महागडा आणला तरी यात फरक पडत नाही.

उपाय सोपा वाटतो: साउंडवाल्याच्या मिक्सरमधून वायर घ्यायची. ती घ्यावीच, पण तिच्यातून कीर्तनकाराचा आवाज स्वच्छ येतो आणि कीर्तन येत नाही. टाळकऱ्यांपुढे बहुतेक वेळा माइक नसतो, आणि ‘विठ्ठल विठ्ठल’ असा गजर सुरू झाला की श्रोत्यांचा आवाज मिक्सरपर्यंत पोचतच नाही. म्हणून एक छोटा रेकॉर्डर मंडपाच्या मध्यावर, खांबाला बांधून ठेवायचा आणि दोन्ही आवाज संकलनात एकत्र करायचे. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवून घेतली की जुळणी सोपी. दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत, त्यामुळे दोन तासांनी ओठ आणि शब्द किंचित फारकत घेतात. मध्यंतरी जिथे टाळांचा ठळक ठोका आहे तिथे आवाज कापून पुन्हा जुळवावा लागतो. फोनवर टिपलं असेल तर हा त्रास वाढतो, कारण अनेक फोन चौकटींचा वेग प्रकाशानुसार कमी-जास्त करत राहतात. एक बरा रेकॉर्डर, लांब वायर आणि कान झाकणारे हेडफोन ही माझ्या मते हौशी माणसाची पहिली खरेदी.

प्रकाशाचं म्हणाल तर आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी दिवे त्यामुळे सेकंदाला शंभरदा उजळतात आणि मंदावतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. फोन बहुधा ३० चौकटींवर ठरवलेला असतो, आणि त्याचा शटर १/६०च्या आसपास गेला की भिंतीवर काळसर पट्टे सरकताना दिसतात. सेकंदाला २५ चौकटी आणि शटर १/५० किंवा १/१०० ठेवला की पट्टे नाहीसे होतात. एवढ्या एका सेटिंगने जितकं चित्रण वाचेल तितकं नव्या कॅमेऱ्याने वाचणार नाही. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून कॅमेरा मागवणाऱ्यांनी इथे थांबून चौकशी करावी. तिथे विकल्या जाणाऱ्या काही कॅमेऱ्यांत ३० आणि ६० चौकटींखेरीज पर्यायच नसतो.

आता कॅमेरा. सेन्सर मोठा असला की अंधारात चित्र स्वच्छ येतं, यात शंका नाही. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, एक इंची म्हणून विकला जाणारा १३.२ बाय ८.८चा, क्षेत्रफळात सातपटींहून जास्त फरक. पण मोठ्या सेन्सरवर फोकसची पट्टी अरुंद होते. मागचं धूसर दिसणं छायाचित्रात सुंदर असतं. कीर्तनकार मात्र निरूपणाच्या भरात दोन पावलं पुढे येतो, आणि अरुंद पट्टीत त्याचे डोळे फोकसमधून जातात. दोन तास चालणाऱ्या, हलत्या माणसाच्या कामासाठी लांब झूमचा छोट्या सेन्सरचा कॅमकॉर्डर मला जास्त भरवशाचा वाटतो. स्थिरचित्रणाचे बरेच जुने कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप थांबतात. युरोपीय संघाच्या जकातीत अर्धा तास किंवा जास्त टिपणारा कॅमेरा व्हिडिओ कॅमेरा ठरे आणि त्यावर जादा कर बसे, म्हणून कंपन्यांनी ही मर्यादा घातली. ब्रसेल्सच्या करवर्गवारीमुळे ऐन अभंगात कॅमेरा बंद पडू शकतो, हे खरेदीआधी माहीत असलेलं बरं.

फोरके घ्यावं का, हा नेहमीचा प्रश्न. फुल एचडीच्या चौकटीत सुमारे २१ लाख बिंदू असतात, फोरकेच्या ८३ लाख. बहुतेक प्रेक्षक फोनवर पाहतात, तिथे हा फरक दिसत नाही. तरी एकट्याने काम करणाऱ्याला त्याचा खरा फायदा आहे. एकाच कॅमेऱ्यावर रुंद शॉट घेऊन त्यातूनच संकलनात जवळचा शॉट कापून काढता येतो, आणि दोन कॅमेऱ्यांचा भास होतो. किंमत मोजायची ती जागेत. सेकंदाला १०० मेगाबिटच्या दराने तासाला ४५ जीबी होतात. ६४ जीबीचं कार्ड दीड तासाच्या आत भरेल, म्हणजे कीर्तन संपण्याआधीच. रंगांवर संकलनात बरंच काम करणार असाल तर ८ बिटांऐवजी १० बिटांचं चित्रण घ्या. प्रत्येक रंगाच्या २५६ छटांऐवजी १,०२४ मिळतात आणि संध्याकाळच्या आकाशात पायऱ्या पडत नाहीत. करणार नसाल तर तो विषय सोडून द्या. ट्रायपॉडवर मात्र हात आखडू नये. कॅमेरे चार-पाच वर्षांत मागे पडतात, फ्लुइड हेडचा चांगला ट्रायपॉड पिढीभर चालतो.

संकलनाच्या साधनांवर या पुस्तकातली सर्वांत जास्त पानं खर्ची पडली आहेत. एच.२६४ आणि एच.२६५ या पद्धतींत कॅमेरा सहसा प्रत्येक चौकट पूर्ण साठवत नाही. एक पूर्ण चौकट, मग पुढच्या कित्येक चौकटींचे नुसते फरक. त्यामुळे फाइल लहान होते, पण टाइमलाइनवर मागे-पुढे करताना संगणकाला दरवेळी मधल्या चौकटी नव्याने रचाव्या लागतात. जुना लॅपटॉप इथे अडखळतो आणि माणूस नवा घ्यायला धावतो. त्याआधी प्रॉक्सीचा मार्ग करून पाहावा. मूळ फाइलींच्या हलक्या प्रती सॉफ्टवेअरकडून बनवून घ्यायच्या, सगळं कापणं-जोडणं त्यांच्यावर करायचं, शेवटच्या रेंडरला मूळ फाइली आपोआप जागेवर येतात. १६ जीबी रॅम आणि एसएसडी असलेल्या मध्यम लॅपटॉपवर अशा रीतीने मोठी कामं होतात.

सॉफ्टवेअरवर आता खर्च करायलाच हवा असं नाही. दा विंची रिझॉल्व्हची रंगसंस्कार यंत्रणा एके काळी काही लाख डॉलरना विकली जाई. २००९ मध्ये ब्लॅकमॅजिकने ती बनवणारी कंपनी घेतली आणि थोड्याच काळात मोफत आवृत्ती दिली. केडेनलाइव्ह आणि शॉटकट ही मुक्तस्रोत साधनंही आहेत, साध्या संगणकावर ती पेलतात. निवडीची एक कसोटी मराठी माणसासाठी खास आहे, आणि परदेशी पुस्तकांत ती कुठेच सापडणार नाही. शीर्षकाच्या पट्टीत ‘श्रीविठ्ठल’, ‘दिंडी’, ‘कीर्ती’ आणि ‘ज्ञानेश्वर’ हे चार शब्द टाइप करून बघा. काही सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते, रफार भलत्याच अक्षरावर बसतो. काही ठिकाणी भारतीय लिप्यांसाठीचं सेटिंग वेगळं चालू करावं लागतं. चारही शब्द नीट उमटल्याशिवाय त्या सॉफ्टवेअरवर वेळ घालवू नये. ज्यांच्या नावाची पट्टी चुकीची जाते, त्यांना ते लागतं.

जतनाचं प्रकरण लहान आहे, पण कोकणात आणि गोव्यात राहणाऱ्यांनी ते आधी वाचावं. पावसाळ्यात भिंगाच्या आत बुरशीचे तंतू धरतात आणि काच कायमची डागाळू शकते. कपाटात कोंडून ठेवलेला कॅमेरा वापरातल्या कॅमेऱ्यापेक्षा लवकर खराब होतो. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान, एवढं सांभाळायचं. जेल निळ्याचं गुलाबी झालं की तापवून पुन्हा वापरायचं. फुटेजच्या तीन प्रती ठेवा, दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या घरी. ज्या म्हाताऱ्या बाईच्या ओव्या तुम्ही टिपल्या, तिच्या लेकीकडे ती एक प्रत दिली तर दोन्ही कामं होतात.

पुढे वाचण्याआधी एक छोटा प्रयोग करावा, अशी माझी विनंती आहे. हातात असलेल्या फोनवर घरातल्या एखाद्या जाणत्या माणसाला दहा मिनिटं बोलतं करा. आधी ट्यूबलाइटखाली, पंखा चालू ठेवून. मग खिडकीपाशी, पंखा बंद करून, फोन हाताच्या अंतरावर आणून. दोन्हींतलं मिळून दोन मिनिटांचं संकलन करा, त्यांच्या नावाची पट्टी मराठीत लावा आणि घरातल्या टीव्हीवर सगळ्यांसोबत बसून पाहा. कुठे ऐकू आलं नाही, कुठे दिसलं नाही, कुठे कंटाळा आला, लॅपटॉप कुठे अडला, ते कागदावर उतरवा. त्या कागदावर जे सर्वांत वर असेल त्याच प्रकरणापासून वाचायला सुरुवात करा. प्रकरणांचा छापील क्रम मोडला तरी चालेल.